मार्गशीर्षातले घामोळे

आपल्या घरांतून काही आजारांची नावे मोठ्याने घेतली जात नाहीत. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात 'क्षय' हा शब्द कोणी स्पष्टपणे उच्चारल्याचे मला स्मरत नाही. 'छातीचे दुखणे', 'बारीक ताप', 'मोठा आजार', नाहीतर नुसतेच 'त्याला ते झाले आहे' असे म्हणत, आणि म्हणताना मोठी माणसे आवाज खाली आणीत. पुढे 'टी. बी.' ही दोन परकी अक्षरे हाताशी आली आणि सर्वांचीच सोय झाली. परक्या अक्षरांची जिभेला तितकी लाज वाटत नाही. वस्तुतः 'क्षय' हा शब्द किती नेमका आहे! झिजत जाणे, उणे होत जाणे. ह्याच आजाराचे दुसरे जुने नाव राजयक्ष्मा, आणि त्याची पुराणातली कथा वाचकांना ठाऊक असेलच. दक्षाने आपल्या सत्तावीस कन्या चंद्राला दिल्या. चंद्राचे मन मात्र एकट्या रोहिणीपाशी गुंतले. सासऱ्याने शाप दिला आणि चंद्र झिजू लागला. देवांनी रदबदली केल्यावर उःशाप मिळाला तोही अर्धाच, पंधरा दिवस झीज आणि पंधरा दिवस वाढ. ह्या कथेतील एक गोष्ट मला नेहमी लक्षणीय वाटत आली आहे. चंद्राचा क्षय कोणापासून लपून राहत नाही, मान वर केली की साऱ्या जगाला दिसतो. माणसाचा क्षय मात्र लपतो, आणि वर पुन्हा लपविलाही जातो.

तो लपू शकतो ह्याला आपल्या मनातील एक ठरीव चित्रही कारणीभूत आहे. क्षय म्हटला की खोकल्याची उबळ, रुमालावरचा तांबडा डाग आणि खोल गेलेले डोळे. नाटकांनी, कादंबऱ्यांनी आणि नंतर चित्रपटांनी हे चित्र इतके पक्के केले आहे की त्यावाचून क्षय आपल्याला ओळखूच येत नाही. फुप्फुस हे त्याचे मुख्य ठाणे खरे. पण मानेच्या गाठी, मणके, सांधे, आतडी, मेंदूची आवरणे, गर्भाशय अशा कोणत्याही ठिकाणी तो बिऱ्हाड करतो. नखे आणि केस एवढेच काय ते त्याने सोडले आहेत, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. ह्यातील कित्येक ठिकाणी खोकला नसतो, आणि आत चाललेला प्रकार बाहेर समजण्यास वाट नसते. क्वचित, फार क्वचित, ही वाट कातडी करून देते. त्या क्वचिताविषयी मला आज लिहावयाचे आहे. मी डॉक्टर नाही, शाळामास्तर आहे. परंतु जे जवळून पाहिले आणि पाहिल्यानंतर जे विचारून व वाचून समजून घेतले, ते आपल्या घरांतून माहीत असावे असे वाटते.

गेली बत्तीस वर्षे मी मध्य प्रदेश शासनाच्या शिक्षण खात्यात आहे. एम. ए. केले मराठीत आणि आयुष्य गेले हिंदी माध्यमाच्या शाळांत. इंदुरात मराठी माणसाचे असेच चालायचे. सध्याची शाळा जुन्या गिरण्यांच्या वस्तीत आहे. गिरण्या बंद पडून तीस वर्षे उलटली, परंतु कामासाठी खानदेशातून आलेली कुटुंबे तेथेच राहिली. घरात मराठी, गल्लीत मालवी आणि शाळेत हिंदी अशी त्यांच्या मुलांची त्रिवेणी असते.

गेल्या डिसेंबरात शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. वजन, उंची, डोळे, दात असा नेहमीचा क्रम चालला होता. पथकातील डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. पाचवीतील एका मुलाला त्यांनी सदरा काढावयास सांगितला आणि त्याला खिडकीपाशी उजेडात नेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मुलाच्या छातीवर, पोटावर आणि पाठीच्या दोन्ही बाजूंस बारीक पुरळ होते. खसखशीच्या दाण्यापासून मोहरीएवढे दाणे, बरेचसे अंगाच्याच रंगाचे, काही किंचित पिवळट-तांबूस, घोळक्याघोळक्याने बसलेले. दुरून पाहिले तर कातडी जरा खरखरीत आहे एवढेच वाटावे. खाज नाही, दुखणे नाही, पू नाही. मुलाला तर त्याचे काहीच नव्हते. आपल्याला इतका वेळ उघडे का उभे केले, एवढाच त्याचा प्रश्न.

आईला बोलावून घेतले. ती म्हणाली, "घामोळे आहे, सर. उन्हाळ्यापासून जात नाही. पावडर लावते मी."

मार्गशीर्षाची थंडी पडली होती. मुले दोन दोन स्वेटर घालून येत होती आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. डॉक्टरीणबाईंनी आईला काही म्हटले नाही. त्यांनी मुलाची मान दोन्ही बाजूंनी बोटांनी चाचपली, मग वजनाचा तक्ता पाहिला, आणि अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "घरी कोणी खोकतं का?"

आई म्हणाली, "मामंजी खोकतात. पण तो गिरणीचा खोकला आहे. जुना आहे."

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून मुलाला शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात पाठविले, आणि जाताना मला बाजूस घेऊन म्हणाल्या, "गुरुजी, ही चिठ्ठी खिशात राहू देऊ नका." चिठ्ठ्या खिशात राहतात हे त्यांना अनुभवाने माहीत असावे. मुलाचा बाप मालवाहू रिक्षा चालवितो. त्याचा दिवस बुडाला की चूल अडते. म्हणून आमच्या एका शिक्षकांना मी सोबत दिले.

तेथे जे निदान झाले त्याचे नाव ऐकून मी ते कागदावर लिहून घेतले होते : लायकेन स्क्रोफ्युलोसोरम. नावाची गंमत अशी की त्याचा उत्तरार्ध 'स्क्रोफ्युला' ह्या शब्दावरून आला आहे, आणि स्क्रोफ्युला म्हणजे आपल्या गंडमाळा. लॅटिनमध्ये स्क्रोफा म्हणजे डुकरीण. युरोपातील लोकांस गळ्याच्या सुजलेल्या गाठी पाहून ती आठवली. आपल्या वैद्यांस त्याच गाठी ओळीने ओवलेल्या मण्यांसारख्या दिसल्या म्हणून त्यांनी माळ म्हटले. (इंग्लंडात ह्या आजाराला राजाचा हात लागला की तो बरा होतो असे मानीत. शब्दकोशकार सॅम्युएल जॉन्सन ह्याला लहानपणी, १७१२ साली, अ‍ॅन राणीच्या हस्तस्पर्शासाठी लंडनला नेले होते. उपयोग झाला नाही. गळ्यावरचे व्रण जन्मभर राहिले.) व्हिएन्नाचा त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा ह्याने १८६० च्या दशकात पाहिले की अशा गाठी असलेल्या मुलांच्या अंगावर हे बारीक दाणे उठतात. त्या वेळी क्षयाचा जंतू कोणाला माहीत नव्हता. तो रॉबर्ट कॉख ह्याने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीची पदवी घेऊन परतल्यावर पुण्यात ह्याच आजाराने गेल्या. वय एकवीस. शत्रूचे नाव कळले होते, शस्त्र हाती येण्यास आणखी साठ वर्षे लागावयाची होती.

जंतू सापडल्यावर मात्र ह्या पुरळाने डॉक्टरांना कोड्यात टाकले. कातडीचा सरळ सरळ क्षय असतो, त्यात जंतू कातडीतच घर करतात. चेहरा खाऊन टाकणारा ल्यूपस हा त्यातलाच. त्यावर प्रकाशकिरणांचा उपचार शोधल्याबद्दल डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन ह्याला १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ह्या बारीक दाण्यांत जंतू काही केल्या सापडेनात. दाणा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा तर रचना क्षयाच्या गाठीसारखी, आणि जंतू मात्र नाही. १८९६ साली पॅरिसच्या झाँ दारिए ह्याने अशा सर्व पुरळांना मिळून एक नाव दिले, ट्यूबरक्युलिड. क्षयापासून झालेले, पण स्वतः क्षय नसलेले.

हे कसे घडते ते रुग्णालयातील एका प्राध्यापक डॉक्टरांनी मला फार सोपे करून सांगितले. शिकविण्याच्या धंद्यात असल्यामुळे चांगले शिकविणे मला चटकन ओळखू येते, म्हणून ते येथे उतरवितो. शरीरात कोठेतरी, गाठीत किंवा हाडात, क्षयाचे ठाणे असते. शरीराची संरक्षक व्यवस्था त्याला वेढा घालून बसलेली असते आणि तिने शत्रूचा चेहरा नीट ओळखून ठेवलेला असतो. अधूनमधून त्या ठाण्यातून काही जंतू, किंवा जंतूंचे नुसते तुकडे, रक्तात सुटतात आणि वाहत वाहत कातडीपर्यंत येतात. तेथे सावध असलेले पहारेकरी त्यांच्यावर तुटून पडतात. जंतूंचा निकाल लागतो. मागे उरतो तो झटापटीने उठलेला दाणा. म्हणून दाण्यात जंतू सापडत नाहीत, आणि म्हणूनच हे पुरळ स्पर्शाने कोणाला लागत नाही.

डॉक्टर पुढे म्हणाले, "मांटू चाचणी ठाऊक आहे ना? हे त्याचेच भावंड." तेही मला नंतर वाचून नीट समजले. कॉखने १८९० मध्ये क्षयाच्या जंतूंपासून ट्युबरक्युलिन नावाचा अर्क तयार करून ते औषध म्हणून पुढे आणले. औषध म्हणून ते साफ फसले. परंतु ज्याच्या शरीराने क्षयाचा जंतू एकदा पाहिला आहे, त्याच्या कातडीला हा अर्क टोचला की तेथे गाठ उठते, हे त्यातून लक्षात आले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के ह्यांनी १९०७ मध्ये त्यावरून चाचणी बसविली, आणि फ्रान्सच्या मांटू ह्यांनी ती सुईने टोचण्याची रीत रूढ केली. (हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला अ‍ॅलर्जी हा शब्दही पिर्के ह्यांनीच १९०६ मध्ये घडविला.) म्हणजे मांटू चाचणी हे डॉक्टरने हाताने उठविलेले पुरळ, आणि ट्यूबरक्युलिड ही शरीराने आपण होऊन स्वतःवर केलेली मांटू चाचणी. निकालही त्यानेच लिहिलेला असतो. फक्त तो वाचणारा भेटावा लागतो.

आमच्या मुलाच्या हातावर टोचले, तर तिसऱ्या दिवशी बावीस मिलिमीटरची गाठ वर आली. साधारणपणे दहाच्या पुढे गेली की ती लक्षात घेतात. छातीच्या चित्रात फुप्फुसांच्या मुळाशी गाठी सुजलेल्या दिसल्या. कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासला, त्यातही तेच निघाले. शाळेत रोज कबड्डी खेळणाऱ्या, ना खोकला ना ताप अशा मुलाच्या पोटात, म्हणजे छातीत, हे चालले होते. वजन मात्र दीड वर्षात जेमतेम अर्धा किलो वाढलेले होते, आणि ते तक्त्यावर लिहिलेले होते.

पण मुलाचे निदान म्हणजे अर्धीच गोष्ट. लहान मुलाचा क्षय हा बहुधा कोणा मोठ्या माणसाने दिलेला असतो. मुलांच्या शरीरात जंतू थोडे असतात, त्यांचा खोकलाही दुबळा, म्हणून मुलापासून तो सहसा पसरत नाही. पसरवीत असते घरातील खोकणारे थोर माणूस. तेव्हा रुग्णालयाने घरातील सर्वांना तपासणीस बोलाविले. सगळे गेले, आजोबा गेले नाहीत. दोनदा निरोप आला, ते गेले नाहीत. मग एका संध्याकाळी मुलाचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही येऊन सांगा. आमचं ऐकत नाहीत."

दोन खोल्यांचे घर. पुढच्या खोलीत खाटेवर गळ्याभोवती मफलर गुंडाळून आजोबा बसले होते. वय अडुसष्ट. गिरणी बंद पडली तेव्हा चौतिशीत असलेला हा माणूस, पुढे तीस वर्षे चौकीदारी, हमाली, जे मिळेल ते करीत राहिलेला. माझ्यासाठी चहा आला. मी विषय काढण्याआधी त्यांनी घरच्या माणसांना मागच्या खोलीत जाण्याची खूण केली.

"मला माहीत आहे, मास्तर," ते म्हणाले. "दिवाळीत दोनदा रक्त पडलं."

"मग कोणाला सांगितलं का नाही, बाबा?"

त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या सातव्या वर्षीचे, १९६४ सालचे होते. त्यांची थोरली बहीण बुरहाणपुरास दिली होती. तिला खोकला लागला आणि सासरच्यांनी तिला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडले. अंगणातल्या पडवीत तिची खाट टाकली. तिचे जर्मनचे ताट आणि पेला वेगळा. तो राखेने घासून उन्हात पालथा घातलेला असे आणि मुलांनी त्याच्या जवळूनही जावयाचे नाही अशी आज्ञा होती. बहीण लांबून त्यांना गोष्टी सांगे. त्या काळी इंजेक्शने निघाली होती, पण ती कोठे मिळतात हे गावात कोणाला ठाऊक असणार! आठ महिन्यांनी ती गेली. तिच्या पाठच्या बहिणीला त्यानंतर सहा वर्षे स्थळ येईना. "क्षयवाल्यांची मुलगी," एवढेच लोक म्हणत.

आता ह्या घरात नात लग्नाची आहे, मुलाची थोरली बहीण. तिच्यासाठी बोलणी चालली होती आणि योगायोग असा की स्थळ बुरहाणपूरचेच होते. आजोबांनी ठरविले होते की मुलगी उजवली म्हणजे आपण सांगू, तोवर गिरणीचा खोकला तो गिरणीचा खोकला. कापसाच्या धुळीने खोकला होतो हे खोटे नव्हतेच. खऱ्याच्या आड लपणे सोपे जाते.

नातू त्यांच्याच खाटेवर, त्यांच्याच गोधडीत झोपत असे. बहिणीकडून ऐकलेल्या गोष्टी ते त्याला सांगत.

मुलाच्या अंगावरील पुरळ कशाचे आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. घामोळे आहे, दवाखान्यात दाखविले, एवढेच ते जाणून होते. मी त्यांना सारे सांगितले. शिक्षकाला वाईट बातमी सांगण्याचा सराव असतो, नापास झाल्याची, नाव कमी झाल्याची; पण ही जातच वेगळी. बराच वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "माझ्यामुळं?"

ह्या प्रश्नाला 'नाही' म्हणणे खोटे होते आणि 'होय' म्हणणे माझ्याच्याने होईना. मी म्हणालो, "उद्या सकाळी नऊला मी रिक्षा घेऊन येतो."

साडेआठलाच ते दारात उभे होते.

त्यांच्या बेडक्यात जंतू निघाले. हल्ली जी नवी चाचणी आहे तिने दोन-तीन तासांत जंतू तर कळतोच, पण रिफॅम्पिसिन ह्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही कळते. सुदैवाने देत होता. नातू आणि आजोबा, दोघांचे औषध एकाच आठवड्यात सुरू झाले. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रातून ती फुकट मिळतात आणि नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात जमा होऊ लागले आहेत. पहिल्याच आठवड्यात मुलाची आई घाबरून शाळेत आली, मुलाची लघवी नारिंगी होते म्हणून. ते त्या औषधाचेच लक्षण आहे, असे केंद्रातील बाईंनी सांगितले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. हे कोणी आधी सांगत नाही, आणि एवढ्याशा भीतीने माणसे गोळ्या सोडतात.

पहिल्या दिवशी घरी परतल्यावर आजोबांनी सुनेपाशी काय मागितले असेल? वेगळे ताट. साठ वर्षे डोक्यात बसलेले ते जर्मनचे ताट त्यांनी स्वतःसाठी आपण होऊन मागितले. सून रडू लागली. ह्या वेगळ्या ताटाविषयी मला थोडे जास्त लिहिले पाहिजे, कारण अजूनही आपल्या सुशिक्षित घरांतून ते मांडले जाते. क्षय ताटवाटीने पसरत नाही; तो खोकल्याबरोबर हवेत उडतो आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत जातो. मद्रासला १९५६ पासून एक मोठा प्रयोग झाला. सारख्याच आजाराच्या रुग्णांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामात ठेवून औषधे दिली, दुसऱ्यास गरीब वस्तीतील त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातील माणसांना आजार होण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या घरांपेक्षा वाढले नाही, कारण जो संसर्ग व्हावयाचा तो निदानाच्या आधीच होऊन गेलेला असतो. जगभर आरोग्यधामांची दारे मिटण्यास आपल्या देशातला हा प्रयोग कारण झाला, आणि आपण मात्र पडवीतले ताट अजून मोडीत काढले नाही! त्या घरात खिडकी उघडी ठेवावी, आजोबांनी पहिले काही आठवडे तोंडावर रुमाल बांधावा आणि नातवाने वेगळे झोपावे, एवढेच सांगितले गेले. ताट पूर्वीचेच राहिले.

मुलाच्या घोळक्याघोळक्याच्या दाण्यांपैकी पुष्कळसे महिन्याभरात बसले आणि दुसरा महिना संपेतो अंग स्वच्छ झाले. मागे वण नाही. ह्या पुरळाचा तसा स्वभावच आहे.

सगळ्याच ट्यूबरक्युलिडांचा नाही. दुसऱ्या एका प्रकारात कोपर, गुडघे, हाताची मागची बाजू, कानाच्या पाळ्या अशा ठिकाणी दोन्हीकडे सारख्या पुटकुळ्या उठतात, त्यांचे तोंड काळे पडते आणि बऱ्या झाल्यावर देवीच्या वणासारखे खड्डे राहतात. तिसरा प्रकार मी माझ्या आधीच्या शाळेत पाहिला, म्हणजे त्याच्याविषयी ऐकले. पाहण्याचा प्रश्नच नव्हता. तेथील एका शिक्षिकेच्या पोटऱ्यांवर, मागच्या बाजूस, दर हिवाळ्यात निळसर-तांबड्या खोल गाठी येत. उन्हाळ्यात त्या बसत, पुढच्या थंडीत पुन्हा येत, एखादी फुटून चिघळे. नऊवारी-पाचवारीच्या आड हे सारे चार वर्षे झाकलेले होते. वर्गात सतत उभे राहून शिरा फुगल्या असतील, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने मलम दिले. घरी 'उष्णता' म्हणून सब्जाचे पाणी सुरू होते. २०१७ च्या हिवाळ्यात एका त्वचारोगतज्ज्ञाने वेळ देऊन पाहिले आणि पॅरिसच्या बाझँ ह्याने १८६१ मध्ये वर्णन केलेला आजार ओळखला. मांटूची गाठ फोडासारखी वर आली. छातीचे चित्र मात्र स्वच्छ, थुंकी स्वच्छ. बाई मला म्हणाल्या होत्या, "सर, मला खोकलाही नाही, मग क्षय म्हणायचं कशाला?" गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरांनी सहा महिने औषध दिले. पुढच्या हिवाळ्यात गाठी आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. ठाणे कोठे होते ते शेवटपर्यंत सापडले नाही. पुष्कळदा सापडत नाही, असे म्हणतात.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझे लिहिणे वाचून घराघरांतून मुलांचे सदरे उतरविले जातील. हे सारे दुर्मिळ आहे. फुप्फुसाबाहेरील क्षयाच्या शंभर रुग्णांत कातडीचा एखाद-दुसराच, आणि त्यातही ट्यूबरक्युलिड थोडे. मुलाच्या अंगावरचे पुरळ म्हणजे बहुतेक वेळा खरोखरच घामोळे, खरूज नाहीतर पित्त असते. पोटरीवरच्या गाठींनाही दुसरी कारणे असतात, आणि नडगीवर पुढच्या बाजूस येणाऱ्या दुखऱ्या गाठी तर घशाच्या साध्या संसर्गानेही येतात. शिवाय नुसती मांटू वर आली म्हणजे आजार आहे असे नव्हे. जगातील सुमारे चौथा हिस्सा माणसांच्या शरीरात हा जंतू निजलेला आहे, आणि त्यांपैकी शेकडा पाच ते दहांतच तो कधीकाळी जागा होतो. परंतु जे पुरळ ऋतू उलटून गेला तरी जात नाही, खाजत नाही, मलमाला बधत नाही, त्याला एकदा जाणत्या माणसाने उजेडात पाहिले पाहिजे. आपल्या देशात तर पाहिलेच पाहिजे; जगातील क्षयाच्या दर चार रुग्णांत एक आपला आहे.

मी ह्या घरी अजून जातो. चौथा महिना चालू आहे. मुलाचे वजन अडीच किलोने वाढले. आजोबांचा खोकला उतरला आहे, पुरता गेलेला नाही. तेवढा खरोखरच गिरणीचा असावा, असे डॉक्टर म्हणतात. घरातील इतरांचे छातीचे चित्र काढले, कोणाला आजार नाही. निजलेला जंतू जागा होऊ नये म्हणून त्यांना आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या दिल्या आहेत, बारा आठवडे. नात शनिवारी घेते. बुरहाणपूरच्या मंडळींना काय कळवावे ह्याबद्दल घरात पुष्कळ वाद झाला. शेवटी आजोबा स्वतः बसले आणि मला मजकूर सांगून पत्र लिहविले. त्यात त्यांनी 'क्षय' हाच शब्द घातला, मी 'टी. बी.' सुचविले होते, त्यांना ते पटले नाही. नऊ आठवड्यांच्या गोळ्या झाल्या आहेत, तीन राहिल्या. पत्राला अजून होकार नाही, नकारही नाही.